स्वीट पीचं बी: कोकणात कोणतं चालतं, कोणतं दुकानातच ठेवावं

कोकणात लावण्यासाठी स्वीट पी या सुवासिक फुलवेलीच्या बियांचं पाकीट घेत असाल तर समोरच्या फोटोकडे पाहू नका, पाकीट उलटं करा. जात कोणत्या गटातली आहे हे मागे लिहिलं असेल तर पाकीट हातात ठेवा, नसेल तर परत जागेवर ठेवा. रंग, कंपनी, किंमत हे सगळं त्यानंतर. पुण्या-नाशकाकडे कुठलंही मिश्र बी थोडंफार फुलून जातं. आपल्या गुहागर, रत्नागिरी, मालवणच्या पट्ट्यात मात्र चुकीच्या गटाची वेल सहा फूट वाढते, हिरवीगार दिसते आणि मार्चमध्ये धड एक तुरा न देता वाळते. माती, खत, पाणी सगळं बरोबर असूनही हेच होतं.

कारण दिवसाच्या लांबीत आहे. स्वीट पीचे ढोबळमानाने तीन गट पडतात. हिवाळी गटाला बहरायला सुमारे १० तासांचा दिवस पुरतो, वसंती गटाला ११ तास लागतात, उन्हाळी गटाला १२. आता आपल्याकडचा दिवस मोजा. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, रत्नागिरीला दिवस साधारण ११ तास ५ मिनिटांचा असतो. अलिबागला तो ११ तासांच्या काठावर असतो, वेंगुर्ल्याला ११ तास १० मिनिटांच्या आसपास. म्हणजे हिवाळी आणि वसंती दोन्ही गटांना फुलायला लागणारा दिवस आपल्या किनाऱ्यावर थंडीभर मिळतो. १२ तासांचा दिवस उजाडतो तो मार्चच्या मध्याला. तोवर दुपारचा पारा तेहतिशीच्या पुढे गेलेला असतो आणि ही वेल उकडून मरायच्या वाटेवर असते. उन्हाळी गटाला तुरळक फूल त्याआधीही येतं, पण त्याला बहर म्हणत नाहीत.

ही वेल मूळची सिसिलीची आणि दक्षिण इटलीची. तिकडे पावसाळा थंडीत असतो. त्या पावसावर ती रुजते, वसंतात फुलते, उन्हाळा तापायच्या आत शेंगा धरून संपते. फ्रान्चेस्को क्युपानी या सिसिलीतल्या धर्मगुरूने १६९९ साली तिचं बी इंग्लंडला पाठवलं आणि पुढची दोनशे वर्षं इंग्लंडच्या थंड, लांब दिवसांच्या उन्हाळ्यासाठी ती निवडली गेली. १९०१ साली 'काउंटेस स्पेन्सर' ही लाटदार, मोठ्या पाकळ्यांची जात लोकांसमोर आली आणि तिच्यापासून निघालेला सगळा गोतावळा आज 'स्पेन्सर' म्हणून विकला जातो. फोटोत सगळ्यात देखणा हाच प्रकार दिसतो, म्हणून दुकानात आणि ऑनलाइन तोच सगळीकडे असतो. पण तो उन्हाळी गटातला, म्हणून कोकण किनाऱ्यासाठी नेमका तोच टाळायचा.

आता एकेका पाकिटाकडे वळू.

'विंटर एलिगन्स' आणि 'विंटर सनशाइन' या हिवाळी गटातल्या मालिका. किनाऱ्यालगतच्या बागेसाठी माझी पहिली पसंती यांनाच. वेल लवकर कळ्या धरते, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यात लावलेलं बी जानेवारीच्या अखेरीस फुलावर येऊ शकतं आणि उन्हाच्या तडाख्याआधी चार-पाच आठवडे तुरे काढता येतात. वास चांगला, पण जुन्या जातींइतका घमघमाट नाही. अडचण एकच, तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात हे बी सहसा मिळत नाही. ऑनलाइनच मागवावं लागतं, आणि तेही भारतातल्या विक्रेत्याकडून. परदेशातून थेट टपालाने बी मागवायला आयात परवाना आणि पीक आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात तशी तरतूद आहे. 'आम्ही बाहेरून पाठवतो, काही लागत नाही' असं सांगणाऱ्याकडून घेऊ नये. पाकीट कस्टममध्ये अडकतं, आणि न अडकता आलं तरी सोबत कुठला रोग आला हे कळायला मार्ग नसतो.

'मॅमथ' ही वसंती गटातली. फुलं मोठी, दांडी भक्कम, फुलदाणीसाठी कापायला सोयीची. दापोली, देवरुख, लांजा, सावंतवाडी अशा समुद्रापासून आत किंवा थोड्या उंचावरच्या ठिकाणी रात्री चांगल्या उतरतात, तिथे मॅमथ हिवाळी जातींपेक्षाही उजवी ठरते. अगदी किनाऱ्यावर मात्र तिला लावायला उशीर चालत नाही. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा ओलांडला की हिवाळी जातीकडेच वळावं.

'रॉयल' हे मिश्रण आपल्याकडे त्यातल्या त्यात सहज मिळतं. कथबर्टसन या जुन्या, उष्मा सोसणाऱ्या घराण्याची ही सुधारलेली पिढी. स्पेन्सरपेक्षा ऊन नक्कीच जास्त सोसते. पण जानेवारीत फुलांची अपेक्षा ठेवून ती घेऊ नका. खऱ्या बहराला फेब्रुवारी उजाडतो आणि किनाऱ्यावर तो बहर दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. दुसरं काही मिळतच नसेल तर घ्यावी, एवढंच माझं मत.

'बिजू' आणि 'नी-हाय' या ठेंगण्या जाती. बिजू साधारण फूट-दीड फूट, नी-हाय दोन-अडीच फूट. गॅलरीत, टांगत्या कुंडीत मांडवाशिवाय वाढतात, म्हणून लोक घेतात. ठेंगणी म्हणजे लवकर फुलणारी असा समज आहे, तो चुकीचा आहे. वेलीची उंची आणि फुलण्याचा काळ यांचा संबंध नाही. शिवाय ठेंगण्या वेलीची पानं जमिनीलगत दाटतात, दवाने ओली राहतात आणि भुरी सगळ्यात आधी तिथे दिसते.

'क्युपानी', 'मटुकाना', 'पेंटेड लेडी' अशा जुन्या वासाच्या जाती 'हेरिटेज' म्हणून महाग विकल्या जातात. फुलं लहान, एका दांडीवर दोन-तीनच, पण वास असा की संध्याकाळी खोलीभर पसरतो. लांब दिवसाच्या असल्यामुळे किनाऱ्यावर त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. आंबोलीला, जवळजवळ ६९० मीटर उंचीवर, बाग असेल तर जरूर लावून बघाव्यात.

आणि काही पाकिटं सरळ नाकारावीत. पिवळ्या धमक किंवा इंद्रधनुषी फुलांचा फोटो असलेलं पाकीट खोटंच समजावं. स्वीट पीत शुद्ध पिवळा रंग आजही बाजारात नाही. मलईसारखा फिकट असतो, हळदी पिवळा नाही. 'बहुवर्षायु स्वीट पी' म्हणून येतं ते वेगळंच झाड, त्याला वास नसतो. कधी कधी पाकिटातून चक्क भाजीच्या मटाराचं बी निघतं. ओळख सोपी आहे. स्वीट पीचं बी चार-पाच मिलिमीटरचं, गोल, तपकिरी ते काळं, काही रंगांत ठिपकेदार. मटाराचं बी त्याहून ठसठशीत मोठं, हिरवट किंवा पिवळट, वाळल्यावर बहुधा सुरकुतलेलं. उलट चूक जास्त धोक्याची: स्वीट पीच्या शेंगा मटारासारख्या दिसतात आणि त्या विषारी असतात. बियांतल्या बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल या द्रव्याने हाडं आणि सांधणारे तंतू कमकुवत होतात. घरात लहान मुलं असतील तर शेंग धरूच देऊ नये, आणि उरलेलं बी स्वयंपाकघरातल्या डब्यांजवळ ठेवू नये.

गट जुळला की तारीख बघा. पाकिटावर लॉट नंबर, उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधता या चार गोष्टी असायला हव्यात. कोकणात यातली तारीख जास्त महत्त्वाची, कारण जून ते सप्टेंबर दुकानात टांगलेलं पाकीट आपल्या दमट हवेत चार महिने भिजल्यासारखंच असतं. कोरड्या, थंड जागी स्वीट पीचं बी दोन-तीन वर्षं सहज टिकतं; कागदी पाकिटात आपल्याकडचा एक पावसाळा त्याची उगवण खाली आणायला पुरतो. म्हणून पावसाळ्यानंतर पॅक झालेलं आणि आतून चकचकीत पन्नी असलेलं बंद पाकीट घ्यावं. पारदर्शक झिप पिशवीत हाताने भरलेलं, तारीख नसलेलं बी स्वस्त वाटतं, पण हिशोब रोपामागे करायला हवा. समजा ६० रुपयांच्या पाकिटात २० बिया आहेत आणि निम्म्याच उगवल्या, तर रोप ६ रुपयांना पडलं. १२० रुपयांच्या पाकिटात २५ बिया आणि त्यातल्या २० उगवल्या तरी रोप ६ लाच पडतं, आणि जात खात्रीची मिळते. वजनावर घेत असाल तर एका ग्रॅममध्ये साधारण १२ बिया बसतात, त्यावरून अंदाज घ्यावा.

बी गुलाबी किंवा जांभळट रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते हाताळताना हातमोजे घाला आणि त्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे उपयोगी जिवाणू) लावू नका, ते मरतात. रंग न लावलेल्या बियाला रायझोबियम जरूर लावावं, पण मटार-मसुरासाठीचं. भुईमुगाचं किंवा सोयाबीनचं संवर्धक स्वीट पीच्या मुळांवर गाठी करत नाही, कारण जिवाणूची जात वेगळी असते. दुकानदार 'सगळं एकच' म्हणाला तरी पाकिटावर पिकाचं नाव वाचून घ्या.

रुजवण्याच्या बाबतीत विक्रेत्यांच्या सूचना बहुतेक थंड प्रदेशातून उचललेल्या असतात. 'सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा' असं छापलेलं असतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात आपल्याकडे पेरलं तर बी कुजतं, आणि उगवलंच तर रोप जमिनीलगत काळं पडून कोलमडतं. या बियाला रुजताना १३ ते १८ अंश तापमान मानवतं. ते आपल्याला मिळत नाही, पण जवळ जाता येतं. दिवाळी होऊन पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली की कामाला लागावं. बहुतेक वर्षी तो काळ नोव्हेंबरचा दुसरा आठवडा असतो.

बियाचं कवच टणक असतं, त्याला टवका पाडावा लागतो. बी चिमटीत धरून बघा. एका बाजूला बारीक फिकट रेघ दिसते, तो डोळा. अंकुर तिथूनच निघतो, त्यामुळे तिकडे हात लावायचा नाही. बरोबर उलट्या बाजूला नेलकटरने कवचाचा इतकाच कपचा काढायचा की आतला मलईच्या रंगाचा दाणा खसखशीएवढा दिसावा. जास्त कापलं तर दळ उघडं पडतं आणि बुरशी लागते. टवका पाडलेलं बी साध्या पाण्यात १२ तास पुरतं, २४ तासांच्या वर ठेवू नये. भिजून फुगलेलं बी ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती कापडात गुंडाळून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलं की तिथला गारवा कामी येतो. तीन ते सहा दिवसांत पांढरं टोक दिसतं.

इथे एक युक्ती आहे. जपानमध्ये फुलांची शेती करणारे नुकतं टोक फुटलेलं बी काही आठवडे शून्य अंशाच्या जवळपास ठेवून मग लावतात. अशी वेल लवकर कळी धरते. घरच्या फ्रिजमध्ये तेवढी थंडी मिळत नाही, पण भाजीच्या कप्प्यात तीन-चार अंशांवर दोन आठवडे ठेवता येतं. कापड ओलसर असावं, पाणी निथळत असलेलं नको. मॅमथ आणि रॉयलसाठी हे करावं, हिवाळी जातींना गरज नाही. फ्रिजमध्ये पिकलेली केळी किंवा चिकू असतील तर हे पुडकं हवाबंद डब्यात ठेवा.

'स्वीट पी किट' नावाच्या खोक्यांबद्दल माझं मत वाईट आहे. बहुतेकांत बी, दहा-बारा कोकोपीटच्या चकत्या, एक पुडी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) आणि छोटी जाळी असते. चकती फुगून जेमतेम चार सेंटिमीटर उंच होते. स्वीट पीचं मूळ पहिल्या दहा दिवसांतच त्याच्या दुप्पट खोल जातं आणि बुडाशी वळून बसतं. असं वळलेलं मूळ नंतर पसरत नाही, वेल पहिल्या उन्हात मान टाकते. १९:१९:१९ मधलं नत्र या वेलीला पानाकडे ढकलतं, फुलाकडे नाही. जाळी बरी असते, पण ती वेगळी घेतली तरी चालते. चकतीऐवजी पोफळीच्या विरीचे किंवा जुन्या वर्तमानपत्राचे १० ते १२ सेंटिमीटर खोल नळकांडे करावेत, त्यात एकेक बी अडीच सेंटिमीटर खोल लावावं आणि चार पानं झाली की नळकांड्यासकट लागवडीच्या मोठ्या पिशवीत बसवावं.

नर्सरीतली तयार रोपं: चार पानांची, चार बोटं उंच, बुडाची पानं हिरवी अशी असली तर घ्यावीत. वीतभर उंच, काठीला बांधलेली, खालची पानं पिवळी झालेली रोपं फुकट दिली तरी नकोत. घाटावरून आणलेल्या रोपांना जातीचं नाव बहुधा नसतं, म्हणजे गटाचा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

मातीत मात्र कोकणाला वेगळी तयारी लागते आणि बहुतेक अपयशाचं दुसरं मूळ इथे आहे. जांभ्यावरची आपली लाल माती आम्लधर्मी असते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. पावसाने त्यातला चुना धुऊन गेलेला असतो. स्वीट पीला सामू सात ते साडेसात लागतो. आम्ल मातीत मुळांवर गाठी धरत नाहीत आणि वेल फिकट, सुतळीसारखी बारीक राहते. १५ बाय १५ इंचांच्या पिशवीत साधारण ४० लिटर मिश्रण मावतं. त्यासाठी निम्मी चाळलेली माती, पाव भाग वर्षभर कुजलेलं शेणखत, उरलेल्या पाव भागात धुतलेलं कोकोपीट आणि नदीची जाड वाळू. समुद्राची वाळू धुऊनही वापरू नये. या ४० लिटरला १०० ग्रॅम डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड). विझवलेला चुना वापरायचा तर ५० ग्रॅम बस, आणि तो लावणीच्या तीन आठवडे आधी नुसत्या मातीत मिसळायचा. शेणखत आणि चुना एकाच दिवशी एकत्र केले की खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, नाकाला कळतं. शेणखत त्यानंतर लावणीच्या वेळी घालावं. सोबत मूठ-दोन मूठ हाडांचा चुरा.

कोकोपीटच्या विटा घेताना 'लो ईसी' (म्हणजे क्षार कमी) किंवा 'धुतलेलं' असं लिहिलेलं बघा. नारळाचं सोडण अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात आणि ते मीठ विटेत राहतं. पाच किलोची वीट फुगून ६० ते ७५ लिटर होते. ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन शेवटचं पिळलेलं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या) मोजावं. आकडा तुमच्या पिण्याच्या पाण्याच्या आकड्याजवळ आला की पुरे. हा मीटर किरकोळ किमतीत मिळतो आणि दुसऱ्या कामालाही येतो: किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी फेब्रुवारीनंतर मचूळ होऊ लागतं. पानांच्या कडा करपू लागल्या तर रोग शोधण्याआधी विहिरीचं पाणी मोजून बघा.

पिशवी पांढरी घ्यावी, काळी नको. जांभ्याच्या गडग्याला किंवा कोब्याला टेकलेली काळी पिशवी दुपारी इतकी तापते की मुळं कडेपासून शिजत येतात. पिशवीखाली दोन विटा, वर दोन इंच भाताचा पेंढा, एवढ्याने मुळांशी बराच फरक पडतो. १५ इंची पिशवीत पाच-सहा वेली, १२ इंचीत तीन. जागा अशी निवडा की सकाळचं ऊन पाच-सहा तास मिळेल आणि दुपारी दोननंतर सावली येईल. पश्चिमेची भिंत टाळा. समुद्रासमोरच्या पहिल्या ओळीतल्या घरांत, जिथे खारा वारा थेट येतो, तिथे स्वीट पीचा नाद सोडून गोकर्ण लावावी; तिला तो वारा सोसतो.

मांडवासाठी बाजारातली सहा इंची भोकांची नायलॉन जाळी ठीक आहे, एका हंगामात फाटत नाही. चिव्याच्या दोन काठ्या रोवून त्यावर ती सहा फूट उंच ताणायची. जाड बांबू किंवा पीव्हीसी पाइपवर वेल चढत नाही, कारण तणावे पेन्सिलीहून जाड वस्तूला विळखा घालू शकत नाहीत. काथ्याची दोरी उभी सोडली तर जाळीहून स्वस्त, आणि वेल तिला घट्ट धरते.

तिसरी पानजोडी आली की शेंडा खुडा, असं सगळीकडे छापलेलं असतं. खुडल्याने फांद्या जास्त फुटतात हे खरं, पण फूल आठवडा-दोन आठवडे लांबतं. आपल्याकडे हंगामच आखूड आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लावलेल्या वेली खुडाव्यात, त्यानंतरच्या खुडू नयेत.

खत कमीच. तणावे दिसू लागल्यावर दर १५ दिवसांनी ०:०:५० हे पालाशचं खत दोन ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, एवढं पुरतं. चुलीची राख वापरत असाल तर महिन्याला मूठभर, पण चुना घातला असेल तर राखेचं प्रमाण निम्मं करा, सामू फार वर गेला की लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. पाणी एक दिवसाआड, पिशवीच्या बुडातून ओघळ निघेपर्यंत, आणि सकाळी. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये.

आणि आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: कळ्या गळतात. बारीक कळी पिवळसर होते, देठाच्या सांध्याशी फिकट वलय दिसतं आणि बोट लागताच ती तिथून सुटून येते. अळी शोधून सापडत नाही, कारण कळी खाल्लेलीच नसते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत, सलग ढगाळ हवा, किंवा मुळाशी साचलेलं पाणी, या तिन्हींमुळे वेल कळी टाकते. डिसेंबर-जानेवारीत मळभ येतं तेव्हा पाणी निम्म्यावर आणा आणि खत थांबवा. हवा उघडली की पुढच्या कळ्या टिकतात. यावर 'फ्लॉवर बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या घेऊ नयेत. गळण्याचं कारण अन्नाचा तुटवडा नसतो, त्यामुळे त्यांचा इथे उपयोग नाही.

भुरी आंब्याच्या मोहोरावर येते त्याच दिवसांत इथेही येते. बुरशी वेगळी, पण लागणारी हवा तीच: पहाटे दव, दुपारी कोरडं ऊन. पानांवर पहिले पांढरे ठिपके दिसताच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, सकाळी लवकर. दुपारचा पारा ३२ च्या वर जाणार असेल त्या दिवशी गंधक मारू नये, पानं करपतात. माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. फेब्रुवारीत पानं निस्तेज होऊन मागच्या बाजूला बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा सलग तीन सकाळी मारला की आटोक्यात येतो. गंधक आणि निंबोळी तेल यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

तुरा कापायचा तो खालचं फूल पूर्ण उमललेलं आणि टोकाची कळी रंग दाखवत असताना. दिवसाआड कापायलाच हवा. एक शेंग भरू लागली की वेल फुलं थांबवते. कोकणातल्या हवेत दांडी इंग्लंडसारखी फूटभर लांब येत नाही, वीतभर आली तरी ती चांगली समजावी. फुलदाणी केळ्यांच्या घडापासून लांब ठेवा. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू या फुलांना फार लवकर कोमेजवतो. चांगल्या पाण्यात, सावलीत तीन-चार दिवस वास टिकतो.

तर पाचपैकी गुण द्यायचे झाले तर: किनाऱ्यावर हिवाळी मालिकांना साडेचार, मॅमथला चार, दापोली, सावंतवाडीकडे हेच गुण उलट. रॉयलला तीन. ठेंगण्या जातींना दोन. स्पेन्सर आणि गट न लिहिलेली मिश्र पाकिटं यांना कोकणासाठी शून्य, मग ती कितीही नावाजलेल्या कंपनीची असोत. किटला एक, तोही जाळीपुरता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वेल पिवळी पडली की उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठी पिशवीत राहू द्या. त्याच मातीत थोडं शेणखत मिसळून जूनच्या पहिल्या पावसावर पडवळ किंवा दोडकी लावता येते, मांडव तोच चालतो. पुढच्या कार्तिकात स्वीट पी पुन्हा लावायची असेल तर पिशवी बदला, लागोपाठ त्याच मातीत मूळकूज येते.